खुरसापुढची मागणी

मॉलीच्या सासूला, कार्मेलीनला, ती बाटली सापडली सुक्या बोंबलांच्या करंडीत. करंडीच्या तळाशी, कुणाचा हात जाणार नाही अशा जागी मॉलीनं ती दडवली होती. पण त्या सकाळी भाईंदरहून आलेली एक गिऱ्हाईक बाई घासाघीस करत बसली, वर चांगला माल ठेवता आणि खाली भुगा भरता असं म्हणाली, आणि कार्मेलीनचं टाळकं फिरलं. उत्तनच्या कोळीवाड्यात तिच्या मालाला कुणी नाव ठेवलेलं तिनं उभ्या जन्मात ऐकून घेतलं नव्हतं. तिनं अख्खी करंडी अंगणात पालथी केली. बोंबलांबरोबर एक पांढरी प्लास्टिकची बाटली खुळखुळत बाहेर पडली आणि घरंगळत जाऊन त्या बाईच्या चपलेला लागली.

"क्या मौसी, बोंबील के साथ दवाई फ्री?" बाई हसली.

कार्मेलीन हसली नाही. तिनं बाटली उचलली, झाकण काढलं, आतल्या निळ्या गोळ्या पाहिल्या आणि मग मान वळवून बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगत उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं. बाटलीवरचं इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं, आणि वाचायची तिला गरजही वाटली नाही. लग्नाला पाच वर्षं झालेली आणि मांडी अजून रिकामीच असलेली सून कसल्या गोळ्या लपवून खाते, हे सांगायला तिला कुणी डॉक्टर नको होता.

बाई बोंबील न घेताच उठून गेली.

"कवापासून खातेस?" कार्मेलीननं विचारलं.

"आय, त्या तसल्या न्हायत."

"मग कसल्या हायत? सांग ना! मी इथं मेणबत्त्या जाळते, वेलंकनी मातेला नवस बोलते, आणि तू कूस शिवून बसलीस? भाजीवाल्यांची पोर ती भाजीवाल्यांचीच. तुझ्या बापानं वाडीत वांग्यांना कीडनाशक मारलं, तसं तू माझ्या नातवांना मारतेस!"

मॉलीचं माहेर डोंगरीचं, पलीकडच्या टेकडीखालचं. तिकडचे लोक वाडीत भाजी पिकवणारे, आणि ही गोष्ट या घरात दिवसातून एकदा तरी निघायचीच. कार्मेलीन तरातरा बांधापर्यंत गेली, गोळ्या मुठीत ओतून घेतल्या आणि कोंबड्यांना दाणे टाकावेत तशा समुद्रात भिरकावल्या. कावळे झेपावले, आणि खाण्याजोगं काही नाही हे कळल्यावर ओरडत परतले. मॉली हातात ओला बोंबील धरून तशीच उभी राहिली.

तिला सांगता आलं असतं. सांगायला फार शब्दही लागले नसते. गेल्या वर्षी नवऱ्याची, गॅब्रियलची बोट गुजरातेकडे जाऊन आली त्यानंतर त्याचा ताप हटेना, खोकला जाईना, अंगावरचं मांस उतरत चाललं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी दोघांना आत बोलावून दार लावलं. गॅब्रियलला एचआयव्ही होता. मॉलीला नव्हता. डॉक्टर शांतपणे म्हणाले, गोळी रोज घेतली तर हा माणूस म्हातारा होऊन मरेल. विषाणू पुरता दबला आणि तसाच दबलेला राहिला की बायकोला त्याच्यापासून काही व्हायचं नाही, मुलाचाही विचार करता येईल. पण तोवर बायकोनं स्वतःसाठी वेगळी गोळी घ्यायची. रोज, न चुकता. रोग झाल्यावरची नाही, रोग होऊ नये म्हणूनची.

घरी आल्यावर गॅब्रियलनं तिला भिंतीवरच्या आल्तारापुढे, येशूच्या तसबिरीपुढे उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली, की या रोगाचं नाव तुझ्या तोंडातून कधी निघणार नाही. मॉलीला त्याची कणव आली आणि तिनं शपथ घेतली.

ती कणव पुढे वाळत गेली. बोट समुद्रात निघाली की गॅब्रियलची बाटली घरीच राही, फळीवर त्याच्या शर्टांमागे. महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस तो पाण्यावर असायचा आणि तेवढे दिवस गोळी बंद. डॉक्टरांनी दुसरं एक साधन सांगितलं होतं, त्याचं पाकीटही दिलं होतं, ते त्यानं परतताना वाटेतल्या चौक गावाच्या उतारावर फेकून दिलं. "लग्नाच्या बायकोबरोबर असलं काय लागतं? मी काय बाजारात आलोय?" असं म्हणाला. म्हणजे मॉलीजवळ उरली ती फक्त तिची निळी गोळी. तिला हा रोग नको होता. नवऱ्याला झाला म्हणून आपल्यालाही व्हावा, इतकी काही ती त्या घराची झाली नव्हती.

आणि ती गोळी तरी सहज कुठे मिळत होती? पहिल्यांदा ती भाईंदर स्टेशनाजवळच्या एका औषधाच्या दुकानात गेली. दुकानातल्या माणसानं चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली आणि मागच्या सहकाऱ्याला हाक मारून विचारलं, "अरे, ये एचआयव्हीवाला रखते हैं क्या अपन?" मग तिच्याकडे वळून, "मंगाना पडेगा. किसको हुआ है?" रांगेतली माणसं एकेक पाऊल मागे सरकली. मॉली चिठ्ठी तिथेच टाकून बाहेर आली. नंतर कुणीतरी मीरा रोडच्या शांती नगरातल्या एका संस्थेचा पत्ता दिला. दुकानांच्या वर दोन खोल्या, तिथे तपासणी होई आणि गोळ्या मिळत. शिवणाच्या क्लासला जाते असं सांगून ती जाऊ लागली.

गोळ्या समुद्रात गेल्यावर शिवणाचा क्लासही बंद झाला. "क्लासात काय शिवतात ते कळलं मना," असं म्हणून कार्मेलीननं तिचं बाहेर जाणं तोडलं. बंदरावर जाताना बरोबर, चर्चला बरोबर, विहिरीवर गेली तरी मागून नजर. असे दोन आठवडे गेले. शेवटी वडील आजारी असल्याचा निरोप मॉलीनं शेजारच्या जॉयकडून मुद्दाम आणवला, आणि डोंगरीला जाते म्हणून निघून तिनं भाईंदरची बस पकडली.

शांती नगरात दिव्या नावाची समुपदेशक होती. तरुण, चष्मेवाली, कामानं पिचलेली. मॉलीला पाहून तिनं कपाळाला हात लावला.

"परत हरवली?"

"हो मॅडम."

"मॉलीताई, गेल्या वेळी भिजली होती. त्याच्या आधी उंदरानं नेली होती. उंदीर काय या गोळ्यांवर जगतात तुमच्याकडे? वर उत्तर मला द्यावं लागतं हो. इथे गोळ्या मिळाव्यात म्हणून लोक विरारहून येतायत, आणि तुम्ही सांडताय."

"सासूनं समुद्रात टाकल्या."

"समुद्रात?" दिव्या हसणार होती, पण मॉलीचा चेहरा पाहून थांबली. "तुम्ही सांगितलं नाही त्यांना, कशाच्या आहेत ते?"

मॉलीनं नकारार्थी मान हलवली.

"बसा. आधी तपासणी करावी लागेल."

त्या बाकावरची वाट पाहणं मॉलीला दर वेळी मारून टाकायचं. शेजारी बसलेला पोरगा मोबाइलवर मोठ्यानं कॉमेडी व्हिडिओ बघत होता आणि एकटाच हसत होता. मग दिव्यानं आत बोलावलं आणि नुसतं "ठीक आहे" म्हणाली. मॉलीचे खांदे खाली आले.

"आता ऐका. मध्ये खंड पडलाय, त्यामुळे आज सुरू केली म्हणजे आज भरवसा धरायचा नाही. डॉक्टर तीन आठवडे धरायला सांगतायत. तोवर मिस्टरांना जवळ येऊ द्यायचं नाही. कंडोम वापरत असतील तर गोष्ट वेगळी."

"वापरत न्हाय."

"आणि त्यांची स्वतःची गोळी?"

"घरी असला तर. बोटीवर लाजतो."

"ते त्यांची घेत नाहीत, म्हणून तुम्हाला तुमची घ्यावी लागतेय. हे कळतं का त्यांना?"

"कळतं."

"मग?"

मॉलीनं बाटली रुमालात गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातली आणि जिना उतरली.

गॅब्रियलची बोट आली ती मे महिना सरत आलेला असताना. पावसाळ्याची मासेमारीबंदी तोंडावर होती, म्हणून बंदरावर झुंबड होती. बर्फाच्या गोण्या, टोपल्या, व्यापाऱ्यांची हिंदी, कुत्री. कार्मेलीननं मुलाला धक्क्यावर पाय ठेवू दिला न दिला तोच चार माणसांत सुरुवात केली.

"गॅब्रियल, तुझी बायको गोळ्या खाते! पोर होऊ नये म्हणून! मी टाकून दिल्या समुद्रात."

टोपलीतले मासे निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. बोटीचा तांडेल मॅक्सवेल, गॅब्रियलचा चुलतभाऊ, जाळ्यावर बसून विडी ओढत होता. तो म्हणाला, "काय रे गॅब्या, तू हितं जाळं टाकतोस आणि घरी बायको कुलूप लावून बसली काय?"

खलाशी खो खो हसले. मॉली गॅब्रियलकडे पाहत होती. त्या गोळ्या कसल्या हे त्या सगळ्या बंदरावर मॉलीखेरीज एकाच माणसाला ठाऊक होतं. तो माणूसही हसला. नुसता ओठांनी नाही, दात दाखवून हसला आणि मॅक्सवेलच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "कुलूप तोडतो आज."

मॉलीनं टोपली डोक्यावर घेतली आणि घराची वाट धरली. वाटेत कुणी काय म्हणालं ते तिला ऐकूच आलं नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर कार्मेलीन उठली. "मी जॉयकडं जाते जरा," असं म्हणून तिनं जाताना दार ओढून घेतलं. गॅब्रियल खाटेवर पडला होता. मॉली मोरीजवळ बसून उरलेली मांदेली साफ करत होती.

"ये इथं," तो म्हणाला.

"न्हाय."

"काय न्हाय?"

"मधे गोळी तुटली माझी. आता परत चालू केलीय. अजून न्हाय."

"मी इतके दिवस पाण्यावर होतो, मॉली."

"आणि तुझी गोळी कुठं होती?" मॉली उठली, फळीवरच्या शर्टांमागून त्याची बाटली काढली आणि त्याच्या कानाशी हलवली. "आवाज ऐक. भरलेली हाय. गेलास तेव्हा होती तेवढीच."

"बोटीवर कुठं खाऊ? एका ताटात जेवतो, एका फळीवर निजतो. मॅक्सवेलनं विचारलं तर काय सांगू?"

"ताकदीची सांग. मॅक्सवेल प्रेशरची खात न्हाय? सगळ्यांसमोर खातो."

"प्रेशर वेगळं. तुला सगळं सोपं दिसतं."

"बंदरावर हसलास कनाला?"

गॅब्रियलनं कूस वळवली. "मग काय रडू?"

"आयला सांग, गोळ्या कसल्या त्या."

"शपथ घेतलीस तू."

"रोगाचं नाव घेणार न्हाय अशी मी घेतली. तू तोंड उघडू नकोस अशी कुणी घातली तुला?"

तो झटक्यात उठून बसला. "जास्त शहाणी होऊ नको. बाहेर शब्द गेला तर डोंगरीला पोचवून देईन. मग बस बापाच्या वाडीत गोळ्या खात." आणि तो तिच्याकडे आला. मॉलीच्या हातात मासळीची सुरी होती. तिनं ती उगारली नाही, खालीही ठेवली नाही. गॅब्रियल सुरीकडे पाहून थांबला. मग त्याची नजर खुंटीवरच्या तिच्या पिशवीकडे गेली. त्यानं पिशवी काढली, हात घालून चाचपली, आणि रुमालाची गाठ बाहेर काढली.

"दे ते," मॉली म्हणाली. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच तिचा आवाज फाटला. "गॅब्रियल, दे ते मला!"

तो बाहेर पडला. खिडकीतून मॉलीला दिसलं, जॉयच्या ओट्यावर बसलेल्या आईच्या हातात त्यानं रुमाल ठेवला. त्याचं बोलणंही स्पष्ट ऐकू आलं. "घे. परत आणल्यात. आता तूच बघ हिचं काय ते."

मॉली मोरीशी खाली बसली. मांदेलीवर माश्या जमल्या होत्या, त्या तिनं हाकलल्या नाहीत. तिच्या मनात राग होता, पण रागापेक्षा मोठी एक गोष्ट होती. तिला उघड दिसत होतं, की हा माणूस आपल्या अंगावर रोग टाकेल पण आईसमोर मान खाली घालणार नाही. आणि बाटली आता गेली तर दिव्याकडे चौथ्यांदा तोंड घेऊन जाता येणार नव्हतं. मधल्या काळात हा इथेच असणार होता, पावसाळाभर, रोज.

गल्लीच्या टोकाला चुन्यानं रंगवलेला जुना खुरीस, दगडी क्रूस, होता. मे महिन्यात रोज संध्याकाळी गल्लीतली माणसं तिथे जमत, बायका पुढे चटईवर, पुरुष मागे भिंतीला टेकून. रोझरीचा जप व्हायचा, गाणं व्हायचं, आणि शेवटी मागण्या. ज्याला जे मागायचं ते त्यानं उभं राहून मोठ्यानं मागायचं आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "प्रभू, आमची विनंती ऐक." त्यानंतर उकडलेले चणे वाटले जायचे. या मागण्या फार साळसूद असत असं नाही. दारू पिणाऱ्या नवऱ्याला, भिंत पुढे सरकवणाऱ्या शेजाऱ्याला, भांडून गेलेल्या लेकाला जे तोंडावर सांगता येत नाही ते तिथे देवाच्या नावानं ऐकवलं जायचं. ज्याला ऐकवायचं तो तिथेच बसलेला असायचा, आणि त्यालाही सगळ्यांबरोबर विनंती ऐक म्हणावंच लागायचं.

त्या संध्याकाळी कार्मेलीन सगळ्यांत शेवटी उठली. ओच्यातून तिनं पांढरी बाटली काढली, पुढे जाऊन खुरसाच्या पायथ्याशी मेणबत्त्यांमध्ये ठेवली आणि वळून उभी राहिली.

"माझ्या घरात सून हाय," ती म्हणाली. आवाज प्रार्थनेचा होता पण नजर मॉलीवर होती. "तिनं देवानं दिलेली कूस गोळ्या खाऊन बंद केली. माझ्या मुलाला फसवलं. तिच्या मनातलं विष जावं, ह्या गोळ्या तिच्या हातून सुटाव्यात आणि न्हाय सुटल्या तर तिनं माझं घर सोडावं, म्हणून आपण प्रार्थना करू."

"प्रभू, आमची विनंती ऐक," गल्ली म्हणाली.

मागे पुरुषांत गॅब्रियलही म्हणाला. मॉलीला त्याचा आवाज शंभरांत ओळखू आला असता.

चण्याचं पातेलं उघडायला जॉय वाकली होती. मॉली उभी राहिली. ती काही बोलणारी बाई नव्हती, आणि पाच वर्षांत त्या चटईवर तिनं एकदाही काही मागितलं नव्हतं. म्हणूनच जॉयचा हात पातेल्यावरच थांबला.

"माझा नवरा गॅब्रियल," मॉली म्हणाली. "माझा नवरा त्याची गोळी घरी ठेवून बोटीवर जातो. डॉक्टरनं त्याला रोज घ्यायला सांगितलीय, ती तो रोज घेवो. आणि तो घेत न्हाय तोवर, त्याचं दुखणं मला लागू नये म्हणून जी गोळी मला दिलीय, ती मला या घरात घेऊ द्यावी. म्हणून आपण प्रार्थना करू."

"प्रभू, आमची विनंती ऐक," गल्ली म्हणाली.

सवयीनं म्हणाली. वर्षानुवर्षांची लागलेली सवय, शेवटचे शब्द कानावर पडले की उत्तर तोंडातून आपोआप निघायचं. म्हणून झाल्यावर मग एकेकाच्या डोक्यात ते शिरू लागलं. पुढच्या बायकांच्या माना हळूहळू मागे वळल्या, भिंतीकडे. मॅक्सवेलच्या तोंडातली विडी तशीच राहिली. गॅब्रियलच्या दोन्ही बाजूंची माणसं जागची हलली नाहीत, पण त्याच्या आजूबाजूला जागा झाली होती.

मॉली पुढे गेली, मेणबत्त्यांमधून तिनं आपली बाटली उचलली आणि मुठीत घट्ट धरली.

"कसली गोळी?" कार्मेलीन म्हणाली. "कुणाचं दुखणं? काय बोलतेस तू?"

गॅब्रियलनं गर्दीतून येऊन तिचा दंड पकडला आणि तिला ओढतच घराकडे नेलं. चणे त्या दिवशी पातेल्यात तसेच राहिले.

घरात शिरल्यावर कार्मेलीननं दार लावलं, खिडकी लावली. मे महिन्यात त्या गल्लीत कुणी दारं लावत नाही. गॅब्रियलनं मॉलीचा दंड सोडला आणि हात उगारला.

"थांब," त्याची आई म्हणाली. "आधी मना सांग. तू कसली गोळी खातोस?"

"काय न्हाय. ताकदीची."

"ताकदीची गोळी न खाल्ली तर बायकोला दुखणं लागतं?"

गॅब्रियलनं मॉलीकडे पाहिलं. इतका वेळ तोच तिला गप्प करत आला होता, आणि आता तिनंच काहीतरी बोलावं असं त्याच्या डोळ्यांत होतं. मॉली म्हणाली, "मी नाव घेतलं न्हाय. शपथ पाळली. आता तुझं तू बघ."

तो खाटेवर बसला. मग त्यानं ते नाव घेतलं. हळू, खाली बघत, पण घेतलं.

कार्मेलीनला तो शब्द माहीत होता. बंदरावर पूर्वी एक खलाशी त्यानं गेला होता; त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला माणसं मिळाली नव्हती. ती भिंतीला धरून खाली बसली. मग तिनं मॉलीकडे बोट केलं.

"हिनं दिलं तुला. ही घेऊन आली डोंगरीहून. म्हणून गोळ्या खाते चोरून."

मॉली गॅब्रियलकडे पाहत राहिली. तो नुसता गप्प राहिला तरी पुरे होतं. बंदरावर तो हसला होता तसं, तेवढंच. गल्लीही ते मानायला एका पायावर तयार झाली असती. मॉलीला वाटलं, आता हेही आपल्याच पदरात पडणार.

गॅब्रियलनं भिंतीकडे तोंड केलं. "न्हाय," तो म्हणाला. "मी आणलं. बाहेरून. तिला न्हाय ते."

असं बोलला, जणू कुणी त्याचा हात पिरगाळून ते वदवून घेत होतं. मॉलीला त्यात आनंद वाटला नाही. पण ते शब्द बाहेर पडले होते, आणि ते परत आत घालता येणार नव्हते.

कार्मेलीन उठली. मुलाच्या अंगावर धावून गेली, दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर, डोक्यावर मारत राहिली, आणि मारता मारताच त्याला कवटाळून रडू लागली. सुनेकडे तिनं मान वळवून एकदाच पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती. "चार माणसांत बोललीस," ती म्हणाली. "घरात बोलता आलं नसतं तुला?"

"घरात कुणी ऐकलं असतं?" मॉलीनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी मॅक्सवेल आला आणि अंगणातूनच बोलला. बंदी उठल्यावर गॅब्रियलला बोटीवर घ्यायचं की नाही ते बघू म्हणाला. मग जरा घुटमळून म्हणाला, "गोळी खातो का रोज? खाल्ली तर दुसऱ्याला लागत न्हाय असं माझा पोरगा मोबाइलवर वाचून सांगतो. खरं काय?" गॅब्रियल आत बसून राहिला. कार्मेलीननं दारात येऊन सांगितलं, "खाईल. माझ्यासमोर खाईल." मॅक्सवेल गेला. जॉयची पोरं त्या दिवसापासून अंगणात खेळायला आली नाहीत, आणि विहिरीवर मॉली गेली की बायका आपापल्या कळश्या बाजूला घेऊ लागल्या. तिचं रक्त स्वच्छ आहे हे गल्लीतल्या कुणाच्या ध्यानातच येत नव्हतं, किंवा ध्यानात घ्यायचं नव्हतं. ती बोलली होती ना? मग डाग तिचाच.

घरातही तेच झालं. जेवायला बसताना कार्मेलीननं मुलासमोर नेहमीचं पितळी ताट ठेवलं, नेहमीचा पेला ठेवला, त्याच्या बाटलीतली एक गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली आणि तो ती गिळेपर्यंत समोर उभी राहिली. मग कोपऱ्यातून एक जुनी जर्मनची थाळी आणि पोचा आलेला पेला काढला, ते उंबऱ्याशी मॉलीपुढे सरकवले आणि म्हणाली, "हे तुझं. आमच्यात मिसळू नको."

मॉलीनं नवऱ्याच्या पेल्याकडे पाहिलं. त्यातलंच उरलेलं पाणी कार्मेलीन पिऊन टाकत होती. सांगावं का हिला, कोणाला काय आहे आणि कोणाला नाही? गॅब्रियलही ते पाहत होता. त्यानं घास तोंडात घातला आणि मान खाली घातली.

मॉलीनं पोचा आलेला पेला विसळला, पाणी भरून घेतलं आणि बाटली उघडली. लपायचं काही उरलं नव्हतं. सासूच्या डोळ्यांदेखत तिनं निळी गोळी जिभेवर ठेवली, गिळली, आणि पेला पालथा करून फळीवर ठेवला. त्याला या घरात आता दुसऱ्या कुणाचा हात लागणार नव्हता. गोळीची बाटली तिनं त्याच्याच शेजारी, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.